वीतभर निळं कापड

कोणतंही कापड समोर आलं की ते आधी त्याचं एक टोक चिमटीत धरायचे. कमरेला खोचलेली पांढरी चिंधी काढून तांब्यातल्या पाण्यात बुडवायचे, त्या टोकावर तीनदा घासायचे आणि चिंधी उजेडाकडे नेऊन पाहायचे. चिंधी पाहून झाली की कापड आणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे, तेही तितक्याच बारकाईनं, जणू त्याचाही रंग उतरतोय का ते बघायचंय.

"एक धुणें होऊं दे," ते म्हणायचे. "मग बोलूं."

दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवून पाहणारी, भाजीवालीच्या तराजूखाली वाकून बघणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. मी ज्यांच्याविषयी सांगतोय ते त्या सगळ्यांचे वडील शोभले असते. पन्नासच्या दशकात कुंभकोणमला त्यांची लाँड्री होती आणि शेजारच्या गाळ्यात माझं शिंपीकामाचं दुकान. मधे नुसती फळ्यांची भिंत. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. मीही तेच म्हणतो.

आम्ही दोघंही मराठी बोलणारे. आमची घराणी मराठ्यांच्या राज्यात तंजावराकडे उतरली आणि राज्य गेल्यावर तिथंच राहिली. माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सुई. मामांचं म्हणणं असं, की त्यांचे पणजोबा तंजावरच्या दरबारी जामदारखान्यावर होते, म्हणजे राजाच्या कपड्यांची राखण करायचे. खरं असेल, नसेलही. बाहेर आम्ही तमिळ बोलायचो, आपसांत आमची जुन्या वळणाची मराठी. आता मी मुलीकडे सोलापूरला असतो. इथली मुलं माझ्या बोलण्याला हसतात, म्हणून लिहिताना इथल्यासारखं लिहितोय. मामांचं बोलणं मात्र मला बदलवत नाही.

मी शिवलेला सदरा त्यांच्याकडे धुवायला गेला की ते तो उलटा करून शिवणी बघायचे. मग भिंतीपलीकडून आवाज यायचा. "तीन वार कापड दिल्हें म्हणतात. इथें तर अडीचाच्या वर दिसत नाहीं. उरलेलें कोठें गेलें?"

"बाह्या लांब आहेत, मामा."

"बाह्या मीं मोजिल्या."

त्या भिंतीच्या एका फळीतली गाठ निखळून भोक पडलं होतं. मामांनी ते कधी बुजवलं नाही. एकदा मी माझ्या बाजूनं त्यावर कॅलेंडर टांगलं. दुसऱ्या दिवशी मामा दारात हजर. "काय लपवितोस?" मी कॅलेंडर काढून टाकलं. सोपं तेच होतं.

निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार पांढरेशुभ्र कपडे घालून गल्लीत हात जोडत आला. मामांनी त्याच्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि चिंधी काढली. तो बिचारा हसत उभा राहिला. माझ्या लग्नात माझे सासरे कौतुकानं त्यांना विचारायला गेले, मुलगा कसा आहे. मामा म्हणाले, "बरा दिसतो. एक धुणें होऊं दे." माझी बायको हे पुढं कितीतरी वर्षं विसरली नाही.

धुण्याचं काम मामा स्वतः करत नसत. कपडे घ्यायचे, बिब्ब्यानं खूण करायची, खळ, इस्त्री, घडी एवढं त्यांचं. धुणं जायचं अरसलार नदीवर मुनियम्माकडे. बारा वर्षं ती त्यांचं गाठोडं नेत होती आणि बारा वर्षं मामा ते तिच्यासमोर दोनदा मोजत होते, नेतानाही आणि आणल्यावरही. ती खांबाला टेकून पान चघळत बसायची. तिची तमिळ मी मराठीत सांगतो, फक्त 'अय्या', म्हणजे मालक, तेवढं तसंच ठेवतो. ती म्हणायची, "मोजा, अय्या. मोजल्याशिवाय तुम्हाला घास गिळत नाही, मला माहीत आहे."

अशा गल्लीत ती निळी पँट आली.

आज तिला जीन्स म्हणतात. माझा नातू गुडघ्यावर फाटलेली, धुऊन विटलेली अशीच दुकानातून विकत आणतो. तेव्हा आमच्याकडे तशी कुणी पाहिलीही नव्हती. गल्लीच्या टोकाला गोविंदराव राहायचे, वकिलाकडे कारकून, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांचा मुलगा रामू जहाजावर इंजिनाकडे कामाला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात घेतलेली ती पँट घेऊन माझ्याकडे आला.

मी हात लावला आणि बोटं निळी झाली. कापड ताडपत्रीसारखं कडक. रामूनं ती भिंतीशी उभी केली तर ती घटकाभर आपल्या पायांवर उभी राहिली. शिवणी दुहेरी, खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या टिकल्या. शिंपी म्हणून माझी छाती दडपली. फक्त लांबी भलतीच होती. टाचेखाली वीतभर कापड लोळत होतं.

"अण्णा, एवढं कापून द्या," रामू म्हणाला.

तेवढ्यात मामा आलेच. चिंधी बुडवून घासली. ती नुसती निळी नाही, काळीनिळी झाली.

"ह्याचें सायम् कच्चें," ते म्हणाले. सायम् म्हणजे तमिळमध्ये रंग. "कापडही कोरें. आधीं धू. मग काप."

रामू हसला. "मामा, हा अमेरिकेचा माल आहे. आपल्या हातमागाचा नव्हे."

"अमेरिकेंत पाणी नाहीं काय? तोंवर दुमडून घाल."

आता इथं माझं सांगतो. कोरं सुती कापड भिजवून आटवल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे मला वडिलांनी अक्षरांच्या आधी शिकवलं होतं. मामा बरोबर होते, हे मला कळत होतं. पण इतकी वर्षं माझ्या बाह्या मोजणारा माणूस माझ्या गिऱ्हाइकासमोर मला माझं काम शिकवतोय, हे मला झोंबलं. मी त्यांच्या देखत कात्री उचलली आणि दोन्ही पायांचं वीत-वीत कापड उतरवलं. कडा दुमडून माझ्या पद्धतीनं टाका घातला, शेवटी दोनदा मागं घेऊन गाठ. कापलेले दोन तुकडे इतके दणकट होते, की टाकवेनात. खणात ठेवून दिले.

रामूनं ती महिनाभर घातली. न धुता. बाजारात तो निघाला की पोरं मागं चालायची. पुढं पँटच्या मांड्यांवर फिकट रेघा उमटल्या, मागच्या खिशावर पाकिटाचा चौकोन पांढरट झाला आणि आईला वासानं जवळ उभं राहवेना. तिनं ती मामांकडे आणून टाकली. मामा घेईनात. ती म्हणाली, "मग लाँड्री कशाला उघडलीत?" मामांनी घेतली. खूण करायला गेले, तर गर्द निळ्यावर बिब्ब्याचा काळा डाग दिसेना. शेवटी कमरेच्या पट्ट्यात लाल दोरा बांधला आणि मुनियम्माच्या गाठोड्यात ती सगळ्यात वर ठेवली.

मुनियम्मानं तिचं केलं तेच, जे ती सगळ्या मळक्या जाड कपड्यांचं करायची. सोड्यात भिजवली, मोठ्या मडक्याच्या भट्टीवर दिवसभर वाफवली, मग नदीच्या दगडावर आपटली.

चौथ्या दिवशी गाठोडं आलं. मी तेव्हा बाहेर ओट्यावर होतो. मामांनी पँट उचलली आणि तशीच धरून राहिले. मांड्यांवर आणि गुडघ्यांवर आभाळासारखी फिकी, शिवणींच्या कडांना पांढऱ्या रेघा, शिवणी आक्रसून वाकड्या. कमरेवरचं चामड्याचं लेबल बेदाण्यासारखं सुरकुतलेलं. लाल दोरा नाही. आणि उंचीला ती एखाद्या शाळकरी पोराची दिसत होती. बरोबरच्या चार पांढऱ्या वेष्ट्या, म्हणजे तिकडची धोतरं, निळसर झाल्या होत्या त्या वेगळ्याच.

"ही ती नव्हे," मामा म्हणाले.

"तीच आहे, अय्या."

"दोरा कोठें? रंग कोठें? पाय कोठें गेले? कुणाला दिलीस ती?"

मुनियम्मा आधी हसली. मग तिला कळलं की ते थट्टा करत नाहीयेत. "अय्या, ह्या अख्ख्या गावात अशी दुसरी पँट आहे कुठं बदलायला?"

मामांचा संशय असल्या प्रश्नांनी थांबत नसे. "तिरुचीच्या जुन्या बाजारांत काय मिळत नाहीं?" ते म्हणाले.

तिनं पानाची पिंक टाकली, न्यायला बांधलेलं दुसरं गाठोडं ओट्यावर सोडलं आणि चालू लागली. बारा वर्षांत पहिल्यांदा ती रिकाम्या हातानं गेली.

संध्याकाळी गोविंदराव, रामू आणि निम्मी गल्ली लाँड्रीसमोर उभी. रामूनं पँट अंगाला लावली. घोट्याच्या पार वर. काही पोरं हसली आणि त्यामुळं गोविंदराव जास्त चिडले.

"जगाला चोर म्हणता आणि स्वतः माल बदलून देता?" ते मामांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही पायाच्या मापानं कापली होती ना?"

पँट माझ्या हातात आली. मी कड उलटली. आत माझाच टाका, शेवटी दोनदा मागं घेतलेली माझीच गाठ. पँट तीच होती. धुण्यानं आटली होती आणि आधीच वीतभर कापल्यामुळं आता पुरत नव्हती. म्हणजे दोष कुणाचा, ते माझ्या हातातच होतं.

"मापानंच कापली होती," मी म्हणालो.

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी पँट रामूला परत दिली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे पाहणं नेहमीसारखं नव्हतं, आणि मग ते आत वळले. मला वाटलं, सुटलो.

पुढचे आठ दिवस मी गल्लीची बडबड ऐकली. एकीला आठवलं की तिच्या साडीचा काठ मामांकडून आल्यावर अरुंद झाला होता. एकाला आठवलं की त्याची बटणं हलकी झाली होती. ज्यांना मामांनी कधी ना कधी चिंधी दाखवली होती, ते सगळे आता मामांना चिंधी दाखवत होते. लोक न धुतलेले कपडे परत न्यायला लागले. मामा एकेक गठ्ठा काढून देत. भिंतीपलीकडून इस्त्रीचा आवाज येईनासा झाला. आणि मी? मला खरं माहीत असूनही मी स्वतःला समजावत होतो, की या माणसानं आजवर काहीतरी लांबवलंच असेल, इतका संशयी माणूस स्वतः धड कसा असेल. दुसऱ्यावर संशय घेतला की आपलं मन किती हलकं होतं, हे मला तेव्हा कळलं.

नवव्या दिवशी सकाळी मामा माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले.

"तुकडे काढ," ते म्हणाले.

"कसले?"

"डावीकडचा खण. कात्रीखालीं."

फळीतलं भोक. मी विसरलोच होतो. मी खण उघडला आणि दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. गर्द निळे, कडक, कोरे.

"मुनियम्मा गेली त्या दुपारींच मीं कड उलटून पाहिली," मामा म्हणाले. "टाका तुझा होता."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

त्यांनी तुकड्याची कड चाचपली. "मीं बोललों असतों, तूं नाहीं म्हणाला असतास. मग मला तुझ्याविषयीं कायमचें कळलें असतें. शेजार आहे. कळूं नये असें वाटलें."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी विचारलं, "आणि मुनियम्मा?"

"तिच्या दारीं रिकाम्या हातानें कैसा जाऊं? म्हणून तर आलों."

मी दुकान तसंच उघडं टाकलं. गोविंदरावांना आणि रामूला बोलावलं, तेव्हा आणखी दहा-पंधरा जण आपोआप आले. सगळे नदीवर गेलो. मुनियम्मा दगडाशी होती. आम्हाला पाहून तिनं पदर खोचला, भांडायच्याच तयारीनं. मी सगळ्यांसमोर दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले. काठाला काठ बरोबर. मग एक तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "पँट जशी धुतलीस तशीच हा धू."

ती मामांकडे बघत राहिली. मग तिनं तो सोड्यात घातला. त्या दिवशी तिची भट्टी पेटलेलीच होती. आम्ही कडुनिंबाखाली बसलो. गोविंदराव घड्याळ बघत होते, पण उठले नाहीत. उन्हं कलली तेव्हा तिनं तुकडा काढून आपटला, पिळला, गरम दगडावर पसरला. वाळल्यावर मी तो कोऱ्या तुकड्यावर ठेवला. रंग हुबेहूब पँटसारखा. आणि उंचीला पुरतं एक बोट कमी.

गोविंदराव कारकून माणूस. त्यांनी स्वतःच मुलाच्या कमरेपासून घोट्यापर्यंत विती मोजल्या. "वितीला एक बोट," ते पुटपुटले. "म्हणजे पायाला पाच बोटं." पँट नेमकी तेवढीच वर जात होती.

"आधी धुवा असं मामा म्हणाले होते," मी म्हणालो. "मी ऐकलं नाही. त्या दिवशी कड उलटली तेव्हाच मला माझा टाका दिसला होता. मी गप्प बसलो."

रामूनं लगेच म्हटलं, "हसलो तर मी होतो, अण्णा." चांगला मुलगा. त्याच्या बापानं मात्र माझ्याशी पुढं वर्षभर बोलणं टाकलं, आणि माझी पाच-सहा गिऱ्हाइकं तुटली. ते योग्यच होतं.

मामा उठून मुनियम्मासमोर गेले. नऊ दिवसांपूर्वी तिनं सोडलेलं गाठोडं त्यांनी खांद्यावरून आणलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ते त्यांनी तिच्या पायाशी ठेवलं. माफी वगैरे त्यांना येत नव्हती.

"घे," ते म्हणाले. "मोजत नाहीं."

"मोजा," ती म्हणाली.

"नको. तुझ्यावर विश्वास आहे."

"तुमचा विश्वास घेऊन मी काय करू? उद्या एक रुमाल कमी निघाला की पुन्हा तिरुचीचा बाजार. मोजा, अय्या. सगळ्यांच्या देखत मोजा."

मामा नदीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एकदा पूर्ण झालं. तिनं मान हलवली. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं. सदतीस. ती म्हणाली, "सदतीस," आणि गाठोडं उचललं. गल्लीतली माणसं हळूहळू पांगली. पंधरवड्यात लाँड्रीतले गठ्ठे परत आले.

मामा बदलले का, असं तुम्ही विचाराल. नाही. माझ्या बाह्या ते मोजतच राहिले. रामू दोन वर्षांनी सुट्टीवर आला तेव्हा ती पँट अंगातच होती, खाली उघडे घोटे घेऊन. आता ती पार विटली होती, बसण्याच्या जागी पातळ आणि गुडघ्यावर फाटलेली. कापड सुती साडीसारखं मऊ झालं होतं. त्या धुतलेल्या तुकड्याचं ठिगळ मी लावलं. मामांनी चिंधी घासली. चिंधी पांढरीच राहिली. "आतां हिच्यांत लपवायला कांहीं उरलें नाहीं," ते म्हणाले, आणि पँटवरून एकदा हात फिरवला.

पुढं त्यांचे डोळे गेले. मोतीबिंदू. डाग दिसेनात, खुणा वाचता येईनात. बायको कधीच गेली होती, मूल नव्हतं. पापनाशमला त्यांची विधवा बहीण होती, तिनं बोलावून घेतलं. त्यांच्या गाळ्यात सायकली भाड्यानं देणारा आला. तो फार सरळ माणूस होता, माझ्याकडे कधी ढुंकूनही बघायचा नाही. मला त्या गाळ्याकडे पाठ करून बसायची सवय लागली.

ते पापनाशमला निघाले त्या दिवशी त्यांना सोडायला मी स्टेशनवर गेलो होतो. एक ट्रंक, एक वळकटी. पॅसेंजर गाडी फलाटावर उभी होती. मामांनी डब्याचा दांडा धरला, पण पाय वर टाकेनात. हमालाला विचारलं, "ही पापनाशमला थांबते काय?" थांबते, तो म्हणाला. मामांनी मग केळी विकणाऱ्या बाईला विचारलं. तिनंही तेच सांगितलं. मग गार्ड जात होता त्याला. तो चिडून म्हणाला, थांबते, थांबते. मामांनी त्याच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवून बराच वेळ ठेवली. गार्डानं शिट्टी फुंकली.

मग त्यांचा हात माझा खांदा शोधत आला.

"थांबते ना रे?"

"थांबते, मामा."

"बरें," ते म्हणाले, आणि चढून खिडकीशी जाऊन बसले.